सदऱ्यात वाजलेला गजर

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या खुर्चीत बसूनच, मानून घे). तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? आम्ही सुखरूप आहोत. 'सुखरूप' मुद्दाम लिहितोय, कारण परवा दुपारी आमच्या घराला आग लागली. म्हणजे लागली नव्हती, पण ते आम्हाला नंतर कळलं.

झालं असं, की हिने मला दुधाकडे बघायला सांगितलं होतं. मी बघतच होतो (पेपराआडून). दूध उतू गेलं, आटलं, पातेलं जळलं आणि धूर जिन्यात पोचल्यावर वरच्या वकिलांनी अशी बोंब ठोकली, की अख्खी इमारत खाली धावली. आपला जीव कशात अडकलाय हे माणसाला एरवी कळत नाही बघ. वकील अशिलांचे कागद सोडून निवडुंगाची कुंडी घेऊन उतरले. ही दागिने विसरली आणि लेकीच्या दुधाच्या दातांची डबी घेऊन आली (लेक आता स्वतःच दातांची डॉक्टर आहे!). माझे हात रिकामे होते. निदान दिसत तरी तसेच होते.

तेवढ्यात माझ्या सदऱ्यातून गजर वाजला. बंद करायला घड्याळ बाहेर काढलं, तर शेजारी नेमकी तुझी शाळेतली मैत्रीण, आमच्या दुसऱ्या मजल्यावरची लायब्ररीवाली. "अगंबाई, हे तर तुमच्या बाबांचं घड्याळ!" उपडं झालं की ते बोंबलतं, हे तुला मी काय सांगायचं? हिने माझ्याकडे जे पाहिलं, त्यापेक्षा आग परवडली.

हो ताई, तेच. बाबा गेल्यावर तू "घड्याळ तेवढं दे" एवढंच म्हणालीस आणि मी ते भंगारात गेलं म्हणून सांगितलं. तू रडलीस, आणि मी निलाजरा तुला पाणी आणून देत होतो. बारा वर्षं मी ते कपाटात लोकरीच्या टोपीत लपवून रोज किल्ली देतोय. तुझ्या परीक्षेला बाबा गजराआधी पाच मिनिटं उठून तो बंद करायचे, तू दचकू नयेस म्हणून, आणि कपाळावर हात ठेवून तुला उठवायचे. मी पांघरुणातून बघायचो. माझ्या परीक्षेला मात्र गजर पुरता वाजू द्यायचे (मी तरी कुठे उठायचो म्हणा). तुझ्या वाट्याला तो हात आला. मला निदान घड्याळ हवं होतं गं.

भावोजींना नमस्कार, नातवाचा पापा.

तुझा (अजून मानत असशील तर) धाकटा

ता. क. : मैत्रिणीचा फोन पत्राआधीच आला असेल. ती सांगेल त्यातलं अर्धंच खरं धर. मी रडलो नव्हतो, धूर होता.

ता. क. २ : गजर बंद करायच्या घाईत ते हातून निसटलं, तेव्हापासून गप्प आहे. घड्याळवाला म्हणतो, टाकून द्या. अडलं की बाबा कुठेतरी टिचकी मारायचे आणि ते चालू व्हायचं. ती जागा त्यांनी फक्त तुला दाखवली होती. मी चहूबाजूंनी टिचक्या मारून पाहिल्या, नख काळंनिळं झालं. पत्राने कळवू नकोस, तूच ये. चालू कर आणि घेऊन जा.

ता. क. ३ : 'घेऊन जा' हे भावनेच्या भरात लिहिलं गेलं. आधी ये तर खरी, मग भांडू.