पतीचे पथ्य मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
कामगार उपाहारगृह, छापखाना

विषय : पतीस तळलेले पदार्थ न देण्याची विनंती मागे घेत असल्याबाबत.
संदर्भ : माझा हिवाळ्यातील अर्ज.

महोदय,

१. माझे पती आपल्या छापखान्यात मुद्रितशोधक आहेत. हृदयविकाराच्या झटक्यातून ते वाचले, तेव्हा डॉक्टरांनी सिगारेट, तळण व मीठ सोडून रोज चालायला सांगितले. त्यानुसार मी घरचा डबा सुरू केला आणि माझ्या अर्जावरून आपण त्यांचे तळण बंद केलेत.

२. त्याबद्दल समक्ष आभार मानावेत म्हणून मी एकदा जेवणाच्या सुट्टीत आले होते. पती मधल्या टेबलाशी उभे होते. डब्यातली उकडलेली भाजी चमच्यावर धरून ते सर्वांना सांगत होते, "हे जेवण नाही, जन्मठेप आहे. सकाळी कुत्र्यासारखं फिरवते, दुपारी हे." भाजी कचऱ्यात गेली. आपल्या आचाऱ्याने हसत हसत त्यांच्यापुढे तळलेल्या बटाट्यांची ताटली ठेवली.

३. येथपर्यंत माझी तक्रार नाही. आजारी माणूस वैतागतो. परंतु नंतर त्यांनी, अतिदक्षता विभागाच्या दाराशी मी कशी रडले, त्याची नक्कल केली. तोंडात रुमाल कोंबून, भिंतीला डोके टेकून. नक्कल हुबेहूब होती. ते स्वतः तेव्हा शुद्धीवर नव्हते, म्हणजे ती त्यांना कोणीतरी करून दाखवली असणार. त्या वेळी माझ्याजवळ फक्त माझी नणंद होती.

४. मी तशीच मागे फिरले. संध्याकाळी बटाटे तळले, वर मीठ भुरभुरले. ते म्हणाले, "आली एकदाची अक्कल." मी हो म्हणाले. आता सिगारेटही मीच आणून ठेवते. त्यांचे पोट सुटले आहे. जिना चढताना ते अर्ध्यात कठडा धरून थांबतात. मी वर दार उघडून उभी असते, हाक मारत नाही.

५. तरी त्यांना मागतील ते, मागतील तेवढे वाढावे. तसेच तातडीच्या संपर्कासाठी आपल्याकडे माझा फोन नंबर आहे, तो खोडून नणंदेचा लिहावा. त्यांना काही झाल्यास मला संध्याकाळी कळवले तरी चालेल.

यापुढे कसलीही तक्रार नसलेली,
आपली नम्र,
(सही)
मुद्रितशोधकाची पत्नी

दिनांक : ९ एप्रिल