गोळा करणारा हात

६ जानेवारी २०२५
महादेवी आजही दुपारी दोनपर्यंत उपाशी! डावा हात लकव्यानं गेलेला, बोटं मुठीत वळलेली. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर घेऊन पूजा केल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हा तिचा जन्माचा नेम. उजव्यावर घे म्हटलं. धाकटी बहीण मलाच सुनावते — "अक्का, तू कालेजात गेलीस अन् समदं सोडून आलीस. म्या कामून सोडू?" शेवटी पाटावर ठेवून पूजा झाली. मन लागलं नाही. चतकोर भाकरी खाल्ली.

८ जानेवारी
तिची लेक शैलश्री रशियात डॉक्टरकी शिकते. फोनवर म्हणाली, "मावशी, इथं हाताला रुका म्हणतात. खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं रुकाच." आपलंही तेच की. हात मोडला म्हटलं तर कुठं, ते विचारावं लागतं. पण हा शब्द आला कुठून? तिला शोधायला लावलं.

९ जानेवारी
उत्तर आलं. पोलंडात रेंका, चेकमध्ये रुका. या साऱ्या स्लाव भाषांचा मूळ शब्द 'रोंका' असावा. तो कुणी लिहून ठेवलेला नाही. लेकींचे चेहरे पाहून न पाहिलेल्या आईचं चित्र काढावं, तसा अभ्यासकांनी जुळवलेला. शेजारच्या लिथुएनियन भाषेत हात म्हणजे 'रांका' आणि गोळा करणं 'रिंक्ती'. म्हणजे हात — गोळा करणारा! आपल्या 'हात'शी त्याचं नातं नाही. पण संस्कृतातला 'कर' हाही करणाराच. अवयवाला त्याच्या कामावरून नाव. मला पटलं.

१० जानेवारी
महिनाभर तिला रबरी चेंडू दाबायला लावत होते. आज तो ठेवून दिला. ताटात नवी तूर ओतली. म्हटलं, डाव्या हातानं वाटीत गोळा कर.
"जन्मभर खळ्यावर हेच केलं. आता ताटात करायला लावायलीस व्हय?"
हात नुसता तुरीवर पडून राहिला.

१२ जानेवारी
वाटीत तीन दाणे! नंतर कळलं, उजव्या हातानं टाकलेले. मी ओरडले. ओरडायला नको होतं.

१५ जानेवारी
आज फक्त पेज, तीही दोन घोट. खटकचिंचोळीचे डॉक्टर म्हणाले, उद्या जेवली नाही तर दवाखान्यात ठेवा. शैलश्रीला परीक्षा सोडून बोलावू का?

१६ जानेवारी
सकाळी लिंग काढून हातात घेऊन बसली. मी पाट सरकवला. "ते नको." माझं मनगट धरून तिनं आपल्याकडे ओढलं. मी तिची वळलेली बोटं एकेक उघडली, खालून माझा तळवा लावून धरला. तिचं लिंग तिच्याच हातावर. किती वर्षांनी मी पूजेपाशी बसले! नंतर दोन भाकरी खाल्ल्या तिनं.

भांडी घासताना लक्षात आलं. लिंग तिच्या उजव्या हातात होतं. माझं मनगट धरलं ते डाव्यानं.