हिरमुजी लागलेलं कोकरू

प्रिय नंदे,

तुझ्या मायचा आशीर्वाद, आणि आमच्या नातीच्या, संस्कृतीच्या दोन्ही गालांचे पापे. अक्षर बघून हसू नको गं. सातवीनंतर हातात पेन आलं ते फक्त रेशनच्या दुकानात सही करायला. पण तुझा फोन सासूच्या कमरेला, मग बोलायचं कसं? जमिलाचाची शुक्रवारी चिकलठाण्याकडं बांगड्या विकायला निघालीये. तिच्या पेटीत हिरव्या चुड्याच्या खाली हे पत्र ठेवलंय. बेटी के हाथ में ही दूँगी, सास को हवा भी नहीं लगने देती, म्हणाली. तू वाच आणि गॅसवर धर. शेजारणीच्या फोनवरून तू तुझ्या भावाला, सोमनाथला सांगितलंस ना, रविवारी पोरीला घेऊन कायमची येते म्हणून, ते मला कळलं. त्याचंच उत्तर द्यायला बसले होते, पण पेन काही तिकडं वळंना. म्हणून आधी घरचं सांगते.

धरणाचं पाणी मागं सरकलंय. गाळाच्या जमिनीवर हिरवंगार गवत आलंय आणि मेंढरं खाऊन खाऊन टरारलीत. तुझ्या अण्णांचा गुडघा दुखतोच, पण काठी घेऊन रोज पाण्यापर्यंत जातातच. कुणाचं ऐकलंय त्या माणसानं कधी! सोमनाथचं लग्न जमलं. मुलगी गंगापूरकडची, बारावी झालेली, दिसायला नीटस. माणसं मात्र लई चौकस. घर बघितलं, विहीर बघितली, आणि चहा पिता पिता तिची आत्या मला पुन्हा पुन्हा विचारत होती, थोरली नांदते ना नीट? मी म्हणलं, नांदते. तोंडातून गेलं बाई. अण्णा समोरच बसलेले होते.

आणि तुझी भिंगरी व्याली. बाटलीनं दूध पाजून तू वाढवली ती भिंगरी. तू संक्रांत करून गेलीस, त्यानंतर व्याली, एकच कोकरू झालं, पांढरं, गुडघ्याला काळं. मी तेव्हा पैठणला दवाखान्यात गेलेली. सोमनाथनं कोकरू बघितलं. बघितलं म्हणजे काय, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातानं कोकरू उचललेलं. पोटाखाली ओली नाळ लोंबत होती, ती बघून पठ्ठ्या म्हणाला, नर आहे, आणि दिला कपाळावर हिरमुजीचा लाल पट्टा ओढून. आपल्या घरची रीत तुला सांगायला नको. लाल पट्ट्याचा नर कापायला नानासाहेब व्यापाऱ्यांच्या टेम्पोत जायचा, बिनपट्ट्याची मादी घरी राहायची. आणि एकदा रंग लागला की परत कोण शेपटी उचलून बघतंय? रंग फिका पडला तर वरून नवा देतात, एवढंच.

तू असतीस तर ही चूक झाली नसती. तुला आठवतं का, परकर खोचून अण्णांच्या शेजारी बसायचीस. अण्णा सांगायचे, पोटाकडं बघू नको, पोट फसवतं, ओली नाळ नराचं सोंग घेते. शेपटी उचल. खाली एकच जागा दिसली तर नर, दोन दिसल्या तर मादी. तू जीभ दातात धरून बघायचीस आणि मादी निघाली की साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचीस, राहिली, राहिली! नर निघाला की जेवायची नाहीस. एकदा तू मला विचारलं होतंस, माय, कळपात पोरी राहतात आणि पोरं जातात, मग आपल्या घरात उलटं का? मी भाकरी थापत होते. म्हणलं, आपण का मेंढरं हाव व्हय! आणि आपण दोघी पोट धरून हसलो होतो.

गेल्या आठवड्यात मी गोठा झाडत होते. ते कोकरू मुतायला लागलं तर मागं बसून मुतायला लागलं. माझा हात तिथंच थांबला. धरलं, शेपटी उचलली, आणि बघते तर काय, चांगली मादी की गं! भिंगरीची लेक. पळत जाऊन अण्णांना बोलावून आणलं. म्हणलं, तुमच्या लेकानं काय उजेड पाडलाय बघा. अण्णा वाकले, चष्मा वर केला, नीट बघितलं. मला वाटलं आता सोमनाथला शिव्या घालतील आणि कोकरू सोडून देतील. तर काठी टेकवत उठले आणि म्हणाले, दिसतंय मला. पण नानासाहेबांना लाल पट्ट्याच्या सगळ्यांचा शब्द गेलाय. दिलेला शब्द फिरवणं आपल्याला जमत नाही.

मी लई भांडले, नंदे. खोटं नाही सांगत. म्हणलं, शब्द नराचा दिला होता, ही मादी आहे, डोळ्यांनी बघितलीत ना? त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मग मी निरम्याचं पाणी केलं, डोकं घासलं, गोडेतेल लावून परत घासलं. लाल पट्टा गुलाबी झाला, पण गेला नाही. कोकराला वाटलं मी खेळते, माझं बोट चोखत उभं राहिलं. सोमवारी टेम्पो आला. आपल्याच हातानं चढवलं तुझ्या अण्णांनी. भिंगरी टेम्पोमागं फाट्यापर्यंत गेली, तिला सोमनाथनं ओढत आणली. तेव्हापासून ओरडून ओरडून तिचा आवाज बसलाय. चारा टाकला की तोंड फिरवते.

मला त्या दिवसापासून एकच दिसतंय. संक्रांतीला तू आली होतीस, अण्णांना तिळगूळ द्यायला हात पुढं केलास आणि बाही वर सरकली. दंडावर पाच बोटं उठलेली, काळीनिळी. मी बघितलं. त्यांनीपण बघितलं, नंदे. तुला वाटलं असेल बाप्या माणूस, लक्ष नसेल गेलं. गेलं होतं. त्यांनी तिळगूळ तोंडात टाकला आणि जावईबापूंना विचारलं, कंपनीत ओव्हरटाईम आहे का हल्ली. तू गेल्यावर मी विषय काढला तर हेच म्हणाले, दिसतंय मला. तेवढ्यावर उठले आणि मेंढरांकडं गेले. वाईट माणूस नाही गं तो. तुझ्या तापात रात्र रात्र बसलेला माणूस आहे. पण त्याला दिसतं आणि तरी तो वागतो तसाच वागतो. मी आयुष्यभर वाट बघितली की एकदा दिसलं की पुरेल. पुरत नाही, बाई.

तर आता लिहिते, ज्यासाठी बसले ते. सोमनाथनं तुझा निरोप अण्णांना सांगितला. त्याला लग्नाची भीती, थोरली माहेरी बसली तर गंगापूरची पोरगी हातची जाईल म्हणून. दोघांनी मला न विचारता जावईबापूंना फोन केला. मी दाराआड उभी राहून ऐकलं. रविवारी येऊ द्या तिला, आम्ही दुपारपर्यंत बसवून ठेवतो, तुम्ही गाडी घेऊन या, असं ठरलंय. गाडीत सासूपण येणार. नानासाहेबांना दिला तसाच तिकडंही शब्द गेलाय. म्हणून सांगते, माझ्या लेकरा, इथं येऊ नको. माय आपल्या लेकीला माहेरी येऊ नको म्हणून लिहिते, माझा हात झडला असता तर बरं झालं असतं. कुठं जाऊ, असं विचारशील, तर तेही मला सांगता येत नाही. मला एकच घर ठाऊक होतं, ते हेच. हे पत्र तुझ्यापर्यंत नाही पोचलं तर काय, ह्या धास्तीनं रविवारी मी सकाळपासून फाट्यावर उभी राहणार आहे. एस.टी. थांबेल तेव्हा दाराकडं बघेन आणि मनात म्हणेन, देवा, माझ्या नंदेला यातून उतरू देऊ नको.

तुझीच, जिला तुला घरात घेता आलं नाही ती,
माय