रेघ माझ्याकडे, रंग अण्णाकडे

मी, कृष्णोजीराव तुळसोजीराव मालतकर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी रंगारी, नंतर ब्लॉकमेकर, आता रिकामा, राहणार राजाजीनगर तिसरा ब्लॉक, बेंगळूर, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांचे मत वेगळे आहे, पण मृत्युपत्राला कायद्याने फक्त डोके लागते, असे वकील पवनकुमार सांगतात. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझे दडपण घरातल्या सगळ्यांवर आहे आणि ते पुढेही चालू राहील. येत्या गुरुवारी ऑपरेशन आहे. त्यातून मी उठणार याची मला खात्री आहे, तरी कागद तयार असावा म्हणून हे लिहून ठेवतो.

१. आधी एका शब्दाचा खुलासा.

पवनकुमार यांनी केलेल्या इंग्रजी मसुद्यात एक ओळ होती: माझे सर्व ब्लॉक माझा मुलगा विनोदकुमार यास. मी विचारले, "कुठले ब्लॉक?" ते म्हणाले, "सर, ब्लॉक म्हणजे ब्लॉक." वकील तरुण आहेत, हुशार आहेत, पण त्यांनी माझे आयुष्य पाहिलेले नाही.

मी राहतो तो ब्लॉक सरकारने नकाशावर आखला. बेंगळुरात माणूस पत्ता सांगताना रस्त्याच्या आधी ब्लॉक सांगतो. तो माझा नाही, तेव्हा तो देताही येत नाही. विनोदकुमार बेळ्ळंदूरच्या पलीकडे सिमेंटचे ब्लॉक पाडतो आणि इलेक्ट्रॉनिक सिटीकडच्या कंपन्यांच्या भिंती त्यांतून उठतात. त्या ब्लॉकांवर माझा हक्क नाही. त्यांची धूळ मात्र माझ्या अंगणात पडते, कारण हा लॉरी घरापाशी आणून लावतो. मी स्वतः बावीस वर्षे एका कंपनीत छापखान्यांसाठी जस्ताचे ब्लॉक केले. लग्नपत्रिकेतले गणपती, निवडणुकीतले उमेदवार, श्रद्धांजलीतले चेहरे, सगळे माझ्या हाताखालून गेले. ते ब्लॉक कंपनीचे होते आणि ऑफसेट आल्यावर भंगारात गेले. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी फिल्म लावून माझ्या हृदयातले तीन ब्लॉक दाखवले. गुरुवारी त्यांना वळसा घालून रक्ताला नवी वाट करणार आहेत म्हणे. हे तीन मी कोणाच्याही नावे करत नाही.

राहिले लाकडाचे. सागवानी, तळहातावर मावतील एवढे, कापडावर नक्षी छापायचे. बाजारात त्यांनाही ब्लॉकच म्हणतात, आमच्या घरी ठसे म्हणत. ते माझ्याकडे चौऱ्याहत्तर आहेत, आणि खरे म्हणजे हा सगळा कागद त्यांच्यासाठीच आहे.

२. घर.

राहते घर विनोदकुमार आणि माझी सून वासंती या दोघांच्या नावे, समान. वासंतीचे नाव घालायला विनोदकुमारने हरकत घेतली नाही, हे त्याच्या बाजूने येथे नोंदवतो. मागचे नारळाचे झाड चंद्राबाईने, म्हणजे माझ्या कै. पत्नीने, लावले आहे. त्या जागी विनोदकुमारला शेड घालायची आहे, हे मला ठाऊक आहे. घालू नये. लॉरी कोपऱ्यावर लावावी. बँकेत जे असेल ते वासंतीने काढून घ्यावे, कारण पासबुक कुठे असते ते तिलाच माहीत आहे.

३. हत्यारे आणि इतर.

वडिलांच्या कोरण्या व पटाश्या वासंतीला. त्यातल्या एका पटाशीने ती गेली नऊ वर्षे डब्यांची झाकणे उघडते. मी पाहिलेले नाही असे तिला वाटते.

शेजारी श्री. नंदकिशोर यांनी माझी बांबूची शिडी १९८४ साली दोन दिवसांसाठी नेली. ती शिडी मी या मृत्युपत्राने त्यांनाच देत आहे. म्हणजे आता तरी ती त्यांच्या भिंतीला हक्काने टेकून राहील.

माझा फोटो वर्तमानपत्रात देऊ नये. तसल्या चौकटीतले हजारो चेहरे मी ॲसिडमध्ये बुडवून काढले आहेत. त्यातला एकही माणूस स्वतःसारखा दिसत नव्हता.

४. ठशांची हकीकत.

ही मी आजवर फक्त चंद्राबाईला सांगितली होती.

आमच्याकडे कापडावरची एक नक्षी दोन ठशांनी पुरी होते. रेघेच्या ठशाने काळी बाह्यरेषा उमटते, भरणीच्या ठशाने त्या रेषेच्या आत रंग बसतो. वडिलांनी चौऱ्याहत्तर नक्ष्यांचे एकशे अठ्ठेचाळीस ठसे कोरून ठेवले होते. कब्बनपेटेतल्या दुकानात मी आणि माझे थोरले बंधू श्री. मुकुंदराव, यापुढे या कागदात अण्णा, एकाच टेबलावर छापत असू. मी रेघ मारत पुढे जायचो, अण्णा मागून रंग भरत यायचा. वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, म्हणत, दोघांचा हात एकाच माणसाचा वाटतो.

१९६५ साली वडील वारले. वर्षश्राद्ध झाल्याबरोबर अण्णा म्हणाला, ठसे आता पुरे, स्क्रीनची छपाई आणू, दिवसाला दहापट कापड निघेल. मी म्हणालो, वडिलांचे ठसे विकणारा तू कोण? विकायचे असे तो बोललाही नव्हता. शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी मी ओरडलो, "वाटणी कर. मोजून निम्मे."

पंच म्हणून तीन व्यापारी बसले. त्यांना ठशांतले काही कळत नव्हते, मोजता येत होते. ठसे एका ओळीत मांडायचे, एक थोरल्याने उचलायचा, एक धाकट्याने, असे ठरले. मांडायचे काम मी घेतले. आमच्या घरात पहिला मान थोरल्याचा, तो मोडत नाही. म्हणून प्रत्येक जोडीत मी भरणीचा ठसा आधी ठेवला आणि रेघेचा नंतर. अण्णाने मान म्हणून जे जे उचलले ते सगळे रंग निघाले. माझ्या वाट्याला सगळ्या रेघा आल्या. पंच म्हणाले, इतकी सारखी वाटणी आम्ही पाहिली नाही.

रेघेशिवाय अण्णाचे अडेल आणि आठ दिवसांत तो माझ्या दाराशी येईल, अशी माझी अटकळ होती. रंगाशिवाय माझेही अडेल, हे रागात माझ्या ध्यानातच आले नाही. तो येणार या खात्रीने मी पहिल्याच आठवड्यात एका मोठ्या चादरीवर पोपटवेलीच्या नक्षीची रेघ मारून ठेवली. रंग भरायला तो आला नाही. मी गेलो नाही. दोन वर्षांत दोघांचेही छापणे बंद पडले. तो जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात राहायला गेला, मी इकडे आलो. एकतीस वर्षे आम्ही नात्यातल्या लग्नांत मांडवाच्या दोन टोकांना बसून जेवलो.

ती चादर चंद्राबाईने घडी घालून ट्रंकेत ठेवली. दर दिवाळीच्या आधी ती चादर उन्हात घालायची आणि विचारायची, "भावोजींकडे नेऊ का?" मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. १९९१ साली ती गेली. आता चादर मी उन्हात घालतो. मला या गोष्टीची लाज वाटते. हे मी शुद्धीवर असताना लिहिले आहे.

५. ठसे.

माझ्याकडचे चौऱ्याहत्तर ठसे अण्णास द्यावेत. विनोदकुमारला देत नाही. जुन्या वस्तूंचा एक दुकानदार मध्यंतरी घरी येऊन गेला. त्याला ते हॉटेलच्या भिंतीवर सुटे सुटे टांगायला हवे आहेत, आणि विनोदकुमारने त्याला चहा पाजला. एकदा ते टांगले गेले की जोड्या पुन्हा जमणार नाहीत. अण्णा मला माफ करो न करो, रेघा रंगांजवळ पोचल्या पाहिजेत.

६. देह.

माझ्या देहावर ती पोपटवेलीची चादर घालावी, पण अण्णाने आपल्या हाताने रंग भरून दिला तरच. त्याने नकार दिला तर चादर परत ट्रंकेत ठेवून साधे पांढरे कापड घालावे. त्याला आग्रह करू नये.

पुरवणी, आज शनिवारी लिहिलेली.

वरील सहा कलमे मी परवा गुरुवारी लिहून टेबलावर ठेवली होती. ती वासंतीने वाचली. मला न विचारता ती काल जयनगरला गेली आणि आज सकाळी अण्णाला ऑटोत घालून घेऊन आली. मी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "मामंजी, रागवायचं तर उद्या रागवा. आज साक्षीदार हवा होता ना?"

अण्णा सत्याहत्तर वर्षांचा आहे. काठी टेकत आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, "किट्टू, स्वल्प पाणी दे." मला किट्टू म्हणणारा आता तो एकटाच उरला आहे. पाणी मी स्वतः नेऊन दिले. ते उभ्यानेच पिऊन तो आत आला. मी कागद त्याच्या पुढे सरकवला. त्याने चौथे कलम दोनदा वाचले.

"तिसऱ्या जोडीलाच कळलं होतं मला," तो म्हणाला.

"मग बोलला नाहीस का?"

"पंचांसमोर तुला खोटा पाडायचा होता काय? अप्पाला जाऊन वर्ष झालेलं."

एकतीस वर्षे मी त्याला फसवले असे समजत होतो, आणि तो माझी अब्रू सांभाळून बसला होता. मी त्याचे पाय धरले. तो म्हणाला, "ऊठ, ऊठ, डॉक्टर ओरडंल," आणि वासंतीने कॉफी आणली.

मग सह्यांसाठी आलेल्या पवनकुमार यांनी अडचण काढली. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे वाद होतो. अण्णा म्हणाला, "सरी, ठीक, मग मला काय देऊ नको. सही करायला आलोय मी." यावर मी पाचवे कलम खोडले आणि चौऱ्याहत्तर ठसे हयातीतच, आज, त्याच्या हवाली केले. वासंती ते दोन पोत्यांत भरून ऑटोत ठेवत आहे. ते आता माझ्या मालमत्तेत नाहीत. विनोदकुमारने त्या दुकानदाराला तसे कळवावे.

सहावे कलम अण्णाने खोडायला लावले. चादर मागून घेतली, मांडीवर उलगडली, रेघेवरून बोट फिरवले. म्हणाला, "हात तुझा सरळ होता रे." मग घडी घालून स्वतःच्या पिशवीत टाकली. मी विचारले, कुठे नेतोस? त्याचे उत्तर त्यानेच खाली आपल्या हाताने लिहिले आहे, कारण मला ते लिहिणे जमले नाही.

खाडाखोड माझ्या हातची आहे, शेजारी माझी सही आहे. बाकीची चार कलमे कायम. लॉरीचे विशेष करून कायम.

बेंगळूर, शनिवार, दिनांक २२ नोव्हेंबर १९९७.

(सही) कृष्णोजीराव तुळसोजीराव मालतकर

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत वरील सही झाली:

१. (सही) पवनकुमार, वकील, राजाजीनगर

२. (सही) मुकुंदराव तुळसोजीराव मालतकर, थोरला भाऊ, जयनगर चौथा ब्लॉक

कलम पाच व सहा माझ्यासमोर खोडली. मढ्यावर घालायला मी रंग भरत नाही. चादर नेली आहे, निम्मी भरून ठेवतो. उरलेली किट्टूने ऑपरेशन करून जयनगरला येऊन भरायची. मोजून निम्मी. — मु.