थुंकी लावलेलं कार्ड

श्रीरामपूर,
रविवार, दुपार

प्रिय सर,

आज तुमच्या टायपिंग क्लासात शोकसभा झाली. मी मधेच उठून खाली गेलो आणि सगळे पांगल्यावर परत वर आलो. आता तुमच्या सात नंबरच्या मशीनसमोर बसून हे लिहितोय, पण हातानं. त्या कळांना बोट लावायची लाज वाटते.

काय एकेक जण बोलत होते, सर! खालचा किराणावाला तुम्हाला जन्मभर 'टिकटिक मास्तर' म्हणायचा. आज डोळे पुसत म्हणाला, "लई भला मानूस हुता." कॉम्प्युटरचे शब्द शिकवतो म्हणून ज्यांनी तुम्हाला वेड्यात काढलं, त्यांनीच आज तुम्हाला दूरदृष्टीचे ठरवलं. मला शिसारी आली. आणि सगळ्यात जास्त माझीच आली, कारण त्यांच्यासारखाच मीही हात जोडून, मान खाली घालून बसलो होतो.

तुमची ती शब्दांची वही काकूंनी माझ्याकडे दिलीय. इनपुट म्हणजे यंत्राला भरवणं. भोकं पाडलेलं पंच कार्ड म्हणजे घास, कार्ड-रीडर म्हणजे तोंड. की-बोर्डवर बोटं चालवायची आणि घास तयार करायचा. आणि व्हेरिफायर म्हणजे सासू, तेच काम पुन्हा करून सुनेची चूक काढणारी! हे सांगताना तुम्ही स्वतःच आधी हसायचात. रोज संध्याकाळी टायपिंग संपलं की आम्ही सहा जण हे शब्द शाळेतल्या पाढ्यांसारखे म्हणायचो. पुण्याच्या कचेरीत पंच ऑपरेटर घेतात, हे तुम्ही कुठल्याशा जाहिरातीत वाचलं होतं, तेव्हापासून.

मी कॉलेज का सोडलं, हे तुम्ही कधी विचारलं नाही. कोल्हारला वडिलांना सांगितलं होतं, बी.कॉम.मध्ये मन लागत नाही. खरं म्हणजे कॉलेजातल्या नलिनीनं तुमच्या क्लासात नाव घातलं होतं. तुम्हाला ते पहिल्याच दिवशी कळलं असणार. नाही तर मी पंच करायचं आणि तिनं तपासायचं, अशी जोडी तुम्ही कशाला लावली असती?

यंत्र नव्हतंच. जुन्या लग्नपत्रिका कापून तुम्ही कार्डं केली, त्यांवर रेघा मारल्या आणि पोती शिवायच्या दाभणानं आम्ही भोकं पाडायचो. पत्रिका तरी किती मिळणार? म्हणून भोक चुकलं की कागदाची टिकली खळ लावून बसवायची आणि तेच कार्ड पुन्हा वापरायचं. माझी कार्डं तर टिकल्यांनीच भरलेली असायची. नलिनी म्हणायची, "हे कार्ड आहे का गोधडी?"

पुण्याच्या त्या नोकरीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मी क्लासाला आलोच नाही. कारण सांगू? त्या आठवड्यात तुम्ही नलिनीची जोडी दुसऱ्याशी लावलीत. मी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहावर चहा पीत, तोंड पाडून बसलो. काय तो माझा मानी स्वभाव! थू.

परीक्षेत तिसऱ्याच कार्डावर माझं एक भोक चुकलं. हाताशी खळ नव्हती. यंत्राखालच्या डब्यात टिकल्या पडल्या होत्या. मी एक उचलली, थुंकी लावली आणि भोकात बसवली. तिथल्या साहेबांनी ते कार्ड दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं. विचारलं, "हे कुठल्या गावचं तंत्र?" तीस-चाळीस जण हसले. शेजारच्या टेबलावर नलिनी खाली बघत होती. तिचंही एक कार्ड चुकलं होतं, पण तिनं ते टोपलीत टाकून नवं घेतलं होतं. तिला नोकरी लागली.

मी एस.टी.तून उतरलो तो थेट वर, तुमच्यासमोर. बाकीची मुलं होती. तरी ओरडलो, "तुम्ही आयुष्यात कधी ते यंत्र डोळ्यांनी पाहिलंय का?"

तुम्ही चष्मा काढलात. म्हणालात, "नाही रे वसंता. म्हणून तर तुम्हाला पाठवलं. कसं असतं ते?"

मी पाठ फिरवली. जिना उतरून गेलो. पंधरा दिवस क्लासासमोरच्या रस्त्यानंसुद्धा गेलो नाही. सोळाव्या दिवशी तुम्हीच गेलात.

दहाव्याला नलिनी पुण्याहून आली होती. मी अजूनही तेच बरळत होतो, सरांनीच चुकीचं शिकवलं म्हणून. ती शांतपणे म्हणाली, "आदल्या दिवशी त्यांनी बजावलं होतं. चुकलेलं कार्ड टाकून द्या, तिथं बुजवायचं नाही. तुला सांगायला दोनदा स्टँडपर्यंत येऊन गेले."

सर, मी हॉटेलात आतल्या बाकावर होतो. तुम्ही बाहेरून बघून गेला असाल. तुम्ही आत का आला नाहीत? एक हाक मारायची होती! नाही, चुकलो. पुन्हा तुमच्यावरच ढकलतोय.

तुम्ही विचारलं होतंत ना, ते आता ऐका. लोखंडी टेबलासारखं यंत्र आहे, चालू केलं की घुमतं. कार्ड फिकट पिवळं, एक कोपरा कापलेलं. आपल्या दाभणाची भोकं गोल पडायची, तिथली चौकोनी, उभी. कळ दाबली की कार्ड एक घर पुढं सरकतं आणि खट्कन आवाज येतो. आकडे वरच्या ओळीत नाहीत, सर. उजव्या हाताच्या बोटांखाली, अक्षरांच्याच कळांवर आहेत. तुमच्या वहीतलं चित्र तेवढं चुकलंय. बाकी सगळं बरोबर होतं. न बघता बरोबर होतं!

नलिनीकडे मी आता काही मागणार नाही. तिनं मला दोनदा तपासलं, एकदा कार्डांवर, एकदा दहाव्याला, आणि दोन्ही वेळा चूक सापडली.

तुमचा पुतण्या मशीनं विकायची म्हणतोय. मी काकूंशी बोललोय, क्लास मी चालवतो. चित्र दुरुस्त करीन. लग्नपत्रिका गोळा करीन. पण खळीची वाटी उद्याच फेकून देणार, आणि कुणी एक दिवस आला नाही तर त्याच्या हॉटेलात आतपर्यंत जाईन.

तुमचा,
वसंता
(मशीन नंबर सात)