चौदा दिवसांची भटकंती आणि तुमचे बंधुराज

आदरणीय वन्सं,

तुम्हाला आणि भावोजींना माझा वाकून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? भावोजींचा खोकला गेला का, की अजून पाहुण्यांसमोरच येतो? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. 'सगळे' हा शब्द जरा सैल वापरलाय, त्याचा खुलासा पुढे येईलच. आईंची तब्येत उत्तम आहे. इतकी उत्तम, की त्याबद्दल वेगळं लिहावं लागणार आहे. माझ्या प्रयोगशाळेत कवळ्यांचं काम जोरात चाललंय (लोक अचानक इतके दात का पाडून घेतायत कोण जाणे). दिवसभर परक्यांच्या हसऱ्या बत्तिशीकडे बघून घरी आलं, की तुमच्या बंधूंच्या गंभीर चेहऱ्यानं मनाला बरं वाटतं.

तर वन्सं, मूळ विषय असा, की तुमच्या बंधूंना निसर्ग झाला. हो, झाला असंच म्हणावं लागेल, गोवर होतो तसा. त्यांच्या कचेरीतले एक साहेब सुट्टीत दोन आठवडे गाडीनं भटकून आले. रोज एका सुंदर ठिकाणी गाडी थांबवायची, दिवसभर पायवाटेनं चालायचं, संध्याकाळी परत गाडीपाशी यायचं आणि रात्री पाहुण्यांच्या खोल्या असतात तिथे मऊ गादीवर झोपायचं. पाठीवर तंबू नाही, चूल नाही, अस्वलाची भीती नाही. साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत फोटो दाखवले. सगळ्या फोटोंत साहेब एकाच दगडावर एक पाय ठेवून उभे होते म्हणे, मागचा देखावा तेवढा बदलत होता. त्या दिवशी हे घरी आले आणि बूट न काढता म्हणाले, "आपणही जायचं. चौदा दिवस. चालायचं." आता तुम्हाला माहीत आहे, तुमचे बंधू आयुष्यभर इमारतींच्या लिफ्ट तपासत आले. जिना नावाची वस्तू त्यांना ऐकून माहीत आहे. पण मी मान डोलावली. मला खरंच जायचं होतं वन्सं. मी गेली कित्येक वर्षं खिडकी नसलेल्या खोलीत बसून जबडे घासते आहे.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाचं टेबल गेलं. म्हणजे टेबल आहे, पण त्यावर नकाशे अंथरलेत. आम्ही तिघंही इस्त्रीच्या फळीवर ताटं ठेवून उभ्यानं जेवायला लागलो (आईंसाठी फळी खाली करता येते, तेवढी सोय आहे). आधी समुद्राच्या कडेचा रस्ता, मग तळी, मग देवदारांचं जंगल आणि घाटातून परत, असा बेत ठरला. इथवर कुणाचीच तक्रार नव्हती. पण लिफ्ट तपासणाऱ्या माणसाला नुसता बेत पुरत नाही, त्याला वेळापत्रक लागतं. किती वाजता चालायला लागायचं, कुठे पाणी प्यायचं, कुठे दमायचं, सगळं लिहून झालं. एका कड्यापुढे 'थक्क होणे, पाच मिनिटे' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं. मी विचारलं, सहा मिनिटं थक्क व्हावंसं वाटलं तर? तर म्हणाले, मग जेवणातून कापावं लागेल.

माझी मागणी एकच होती. त्या जंगलाच्या पुढे एक धबधबा आहे, त्याच्या मागून चालत जाता येतं. पाणी आपल्या समोर पडत असतं आणि आपण पडद्याच्या आत, कोरडे. मी लहानपणी एका कॅलेंडरवर तो बघितला होता. हा धबधबा बंधुराजांनी बादच करून टाकला. कारण काय, तर रस्त्याला वळणं फार आहेत आणि वळणांमुळे वेगाची सरासरी बिघडते. त्या रात्री त्यांच्या आमटीत मीठ घालायचं राहून गेलं. आणि आईंची सोय? ती पण लिहिलेली होती. रोजच्या रकान्यात, शेवटी, बारीक अक्षरात: 'आई, गाडीत.' वाहनतळावर, सावली बघून, काच दोन बोटं खाली.

मग सराव सुरू झाला. नवे बूट पायाला बसावेत म्हणून हे घरात बूट घालून फिरायला लागले. खालच्या मजल्यावरचे शिकवणीवाले मास्तर वर येऊन फार अदबीनं विचारून गेले, की आपण घोडा पाळलाय का. पाठीच्या पिशवीत वजन हवं म्हणून ह्यांनी शब्दकोशाचे खंड भरले आणि ती पिशवी घेऊन रोज गच्चीपर्यंत जायला लागले. लिफ्टनं. मी म्हटलं, अहो, जिन्यानं जा की. तर म्हणाले, सराव वजनाचा आहे, चढाचा वेगळा रकाना आहे.

आणि मग आला तो रविवार. रंगीत तालीम करायची ठरली. गावाबाहेर पाणीपुरवठ्याची टाकी आहे ना, तिच्या मागची टेकडी. वन्सं, त्या टेकडीवर बायका बाबागाड्या ढकलत जातात. वरपर्यंत डांबरी वाट आहे, वर बाक आहेत. पण ती वाट बघून तुमच्या बंधूंनी नाक मुरडलं. "ही पब्लिकची आहे," म्हणाले, आणि नकाशा उघडून झुडपांत शिरले. मी मागोमाग. आई ठरल्याप्रमाणे गाडीत, विणकाम घेऊन, काच दोन बोटं खाली.

पहिल्यांदा टाकी दिसली तेव्हा हे म्हणाले, "बघ, बरोबर चाललोय." दुसऱ्यांदा दिसली तेव्हा म्हणाले, ही दुसरी टाकी असणार. तिसऱ्यांदा दिसली तेव्हा दोघंही टाकीकडे न बघता पुढे गेलो, जुन्या भांडणातल्या शेजाऱ्याकडे न बघता जावं तसं. माझ्या केसांत काटक्या, ह्यांच्या कोपरावर ओरखडे आणि हातातला नकाशा उलटा (मी सांगितलं नाही. संसारात काही गोष्टी सांगायच्या नसतात). शेवटी एक तारेचं कुंपण आडवं आलं. मी म्हटलं, "अहो, हे इथे फाटक आहे, उघडं." पण तोवर हे शब्दकोशासकट कुंपणावर चढले होते. वरून त्यांनी फाटकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग पलीकडे जे काही झालं त्याला उतरणं म्हणता येणार नाही.

"काही नाही, काही नाही," असा बारीक आवाज आला. हा आवाज तुम्ही लहानपणापासून ऐकला असेल, वन्सं. त्याचा अर्थ बरंच काही आहे. मी फाटकातून चालत पलीकडे गेले. घोटा बघता बघता फुगत होता. आणि हे जिथे पडले होते तिथून आमची गाडी दिसत होती. दिसत होती म्हणजे काय, हात लांब केला असता तर लागली असती. एवढी पायपीट करून बंधुराज वाहनतळातच पडले होते.

त्यांना उठवून, खांद्याचा आधार देऊन गाडीपाशी आणलं. गाडीचं दार उघडं. सीटवर विणकाम. आई नाहीत. खरं सांगते वन्सं, त्या क्षणी माझं सगळं हसू पळालं. ऐंशीच्या उंबरठ्यावरचं माणूस, शाल घेऊन कुठे गेलं? ह्यांचा चेहरा पांढरा पडला. घोटा विसरून उभे राहायला गेले आणि परत बसले. "तू जा," म्हणाले, "पळ." नुसतं एवढंच. वेळापत्रक नाही, रकाना नाही. मी त्या पब्लिकच्या वाटेनं पळत सुटले, बाबागाड्यांना ओलांडत, हाका मारत.

आई सगळ्यात वरच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर, पक्षी बघायला आलेले, आणि त्यांची दुर्बीण आईंच्या डोळ्याला. मला बघून म्हणाल्या, "आलीस? अगं, किती त्या टाकीला फेऱ्या मारल्यात! मी इथून बघत होते. हे ड्रायव्हरसाहेब म्हणाले, ते जोडपं काहीतरी शोधतंय. मी म्हटलं, शोधतंय कसलं, माझा मुलगा आहे तो. कुंपणावर चढला तेव्हा मी ओरडलेसुद्धा, फाटक उघडं आहे म्हणून."

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, आई, तुम्ही वर आलात कशा? "चालत," त्या म्हणाल्या. "वाट चांगली आहे." मग दुर्बीण खाली ठेवून हळूच म्हणाल्या, "तुझे सासरे पण मला गाडीतच बसवायचे. तू बस, मी बघून येतो, म्हणायचे. आयुष्यात जेवढे डोंगर बघितले तेवढे काचेतून. आज म्हटलं, बघू तरी काच काढून कसे दिसतात."

खाली तुमचे बंधू सुजलेला पाय घेऊन बसले होते. मला लगेच खाली जायला हवं होतं. पण वन्सं, मी पण बाकावर बसले. थोडा वेळ. समोर सगळं गाव पसरलं होतं, पलीकडे निळे डोंगर, आणि वारा असा, की डोक्यातली प्लास्टरची धूळ उडून गेली. पाच मिनिटांपेक्षा जास्त झाली असतील. मोजली नाहीत.

परतीला गाडी मी चालवली. परवाना माझ्याकडे लग्नाआधीपासून आहे, पण 'वाहतूक फार असते' म्हणून तो कपाटात आराम करत होता. बंधुराज मागच्या सीटवर आडवे, पाय शब्दकोशावर, आणि तोंडानं ब्रेक मारतायत. आई पुढे. एका चौकात मागून एकदम "डावीकडे, नाही, थांब, उजवीकडे" असं झालं, तेव्हा आई शांतपणे म्हणाल्या, "तू तुझी चालव गं. त्याला मी बघते." आणि मागे वळून त्यांनी मुलाच्या हातात विणकाम दिलं. दवाखान्यापर्यंत दोन ओळी झाल्या, उलट्या.

हाडाला चीर आहे. प्लास्टर घातलंय, चांगला महिनाभर तरी राहील. डॉक्टरीणबाईंनी चालायला सक्त मनाई केली, तेव्हा हे दुःखी दिसले, पण खरं सांगायचं तर फार नाही. घरी येऊन म्हणाले, रद्द करू सगळं. त्यावर आई फळीवर ताट ठेवत म्हणाल्या, "रद्द कशाला? पाय तुझा मोडलाय."

असो. पत्र लांबलं. भावोजींना नमस्कार, तुमच्या कंबरेला आराम पडो. लोभ आहेच, तो पाय बरा होईस्तोवर थोडा जास्त असू द्यावा.

तुमची भावजय

ता. क. एक विनंती होती. आई आणि मी जायचं ठरवतोय. धबधबा परत धरलाय, वळणांसकट. तेवढे दिवस तुमच्या भावाला ठेवून घ्याल का? त्यांचं काही नसतं. सकाळी चहा द्यावा आणि कुणी काही चुकीचं करत असेल ते बघायला द्यावं. भावोजींना कॅरमला जोडीदार होईल. सवडीनं विचार करून कळवा.

ता. क. २. कळवलं नाहीत तरी चालेल.

ता. क. ३. पाकिटावर 'विणकामाचे नमुने' लिहिलंय, म्हणजे हे उघडणार नाहीत. हे पत्र त्यांच्याच हातानं देते आहे. आत्ता तुमच्यासमोर कुबड्या टेकून जे उभे आहेत, त्यांना वाटतंय आपण सगळे तुमच्याकडे जेवायला आलोय आणि आम्ही दोघी खाली गाडी लावतोय. त्यांची बॅग मी आधीच तुमच्या दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटामागे ठेवून गेलेय. औषधं वरच्या कप्प्यात. रोज संध्याकाळी मी फोन करीन. त्यांना सांगायचं काम तुमचं, तुम्ही मोठ्या आहात. खिडकीतून हात हलवायचा असेल तर लवकर हलवा, आईंनी पट्टा लावलाय आणि मला पहिला गिअर सापडलाय.