मध्यरेषेवरची खुर्ची

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, काचेच्या दुकानाचा मालक आणि आमच्या फुटबॉल क्लबचा एकेकाळचा डावा बचावपटू, हे मृत्युपत्र रुग्णालयाच्या खाटेवर बसून, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. उद्या सकाळी माझी छाती उघडणार आहेत आणि माझी पाचावर धारण बसली आहे. घाबरलेल्या माणसाचे मृत्युपत्र चालते का, असे मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "काका, शुद्ध असली की झालं. धीर असावाच लागतो असं कायद्यात कुठे नाही."

तेव्हा शुद्ध आहे असे धरावे. धीराचे विचारू नये.

कलम १. राहते घर आणि बँकेतली ठेव मुलांच्या आईला. ती हयात असेपर्यंत घर गहाण टाकू नये, विकू नये, आणि कुठल्याही खेळाडूच्या खरेदीसाठी तर त्याचे नावही काढू नये. हे माझ्या थोरल्या मुलाने दोनदा वाचावे.

कलम २. दुकान, टेबल आणि काच कापायची हिरकणी माझ्या जुन्या कारागिराला. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे मी त्याला तोंडावर कधी सांगितले नाही, कारण त्याने लगेच पगार वाढवून मागितला असता. हिरकणीने रेघ मारली की काच कुठे तुटणार ते आम्हाला आधीच कळते. छातीचे तसे असते का, हे मी सर्जनना विचारणार होतो, पण उत्तराची भीती वाटली.

कलम ३. दुकानातला उभा, मोठा आरसा क्लबच्या अध्यक्षांना. कारण सर्वांना ठाऊक आहे, तरी लिहून ठेवतो. आम्हाला डाव्या पायाचा खेळाडू हवा होता. अध्यक्षांनी दलालाच्या व्हिडिओवर भाळून एकाला उचलला. व्हिडिओ आरशातल्यासारखा उलटा होता, डावे ते उजवे. शर्टावर इंग्रजी अकरा आकडा, तो दोन्हीकडून सारखाच. मागच्या पाट्या दिसतच नव्हत्या. पहिल्या सरावाला पोरगा आला तो पक्का उजव्या पायाचा. यापुढे अध्यक्षांनी प्रत्येक व्हिडिओ एकदा या आरशात पाहावा.

कलम ४. आता क्लबचे शेअर. इथे माझा हात थांबतो.

आमच्याकडे मोठा ठराव असला की भागधारक मैदानावर जमतात. हो म्हणणारे स्कोअरबोर्डकडच्या अर्ध्यात उभे राहतात, नाही म्हणणारे दुसऱ्या अर्ध्यात. म्हणजे नंतर कोणी तोंड लपवायला नको. येत्या रविवारी ठराव आहे: सरावाचे मैदान विकून 'तोफ' म्हणतात त्या स्ट्रायकरला विकत घ्यायचे. माझे शेअर एवढे आहेत की मी ज्या अर्ध्यात उभा राहीन तो अर्धा जिंकेल.

थोरला खरेदी समितीवर आहे. धाकटी मुलांच्या संघाला त्याच मैदानावर शिकवते. दोन वर्षे या भांडणात आमच्या घरात ताटे गार होत आहेत. आत्ताही दोघे दाराबाहेरच्या बाकावर तेच करत आहेत. मला झोप लागली आहे अशी त्यांची समजूत आहे.

"गोल कोण मारणार? तुझी बारकी पोरं? यंदा खालच्या श्रेणीत गेलो की प्रायोजक उठून जातील, मग मैदान काय चाटायचंय?"

"दादा, त्याचा गुडघा दोनदा उघडलाय! तो काही बरा होणार नाही. तू गुडघा विकत घेतोयस, माणूस नाही."

दोघांचेही पटते, हीच माझी पंचाईत. बचावपटूचा जन्म, मला फक्त काय बिघडेल तेवढेच दिसते. तोफ घेतली तर शेजारच्या क्लबसारखे होईल. त्यांनी नामवंतांची रांग लावली, कर्जापायी मैदान गेले आणि आज तिथे ट्रक उभे असतात. नाही घेतली तर आम्ही गोलावाचून बुडू.

म्हणून ठरवतो की माझे शेअर दोघांना सामाईक मिळावेत, आणि दोघे एकाच अर्ध्यात उभे राहिले तरच ते मत धरावे. एवढ्याने तरी ते एकमेकांचे ऐकून घेतील.

मी शस्त्रक्रियेतून उठलो, पण डोके ठिकाणावर नसले, तर कोणीतरी कोपराला धरून मला रेषेपलीकडे नेईल, याची मला मरणाहून जास्त भीती वाटते. तसे करू नये. मला मध्यरेषेवर खुर्ची टाकून बसवावे आणि माझे मत धरू नये.

इथपर्यंत लिहिले तेव्हा सर्जन दाराबाहेर मुलांशी बोलायला आले होते. मला त्यांचे शब्द कळले नाहीत, फक्त आवाज. ते गेले आणि बाकावरचे भांडण पुन्हा सुरू झाले नाही. मी कान देऊन वाट पाहिली.

मग दोघे आत आले. थोरल्याने माझे पांघरूण सारखे केले. हे त्याने आजवर कधी केलेले नाही. म्हणाला, "बाबा, मी विचार केला. धाकटीचंच बरोबर आहे. मैदान राहू दे."

धाकटी म्हणाली, "नाही बाबा, दादाचंच खरं. घेऊ या त्याला."

सर्जन त्यांना काय म्हणाले असतील ते मला आता कळले. ही दोघे पाळण्यातल्या खेळण्यावरूनही कधी एकमेकांपुढे नमली नव्हती.

सबब कलम ४ मधील सामाईकाची अट मी रद्द करतो. शेअर निम्मे थोरल्याला, निम्मे धाकटीला, स्वतंत्र. दोघांनी समोरासमोरच्या अर्ध्यांत उभे राहावे आणि घसा बसेपर्यंत भांडावे. निर्णय बाकीच्यांनी घ्यावा. माझ्यासाठी कोणी कोणाचे मान्य करू नये. ते मला सोसत नाही.

हे त्यांना वाचून दाखवले आणि म्हणालो, "चला, भांडा. त्या तोफेच्या गुडघ्याचं काय?"

थोरला खिडकीबाहेर बघू लागला. धाकटीने माझा हात धरला.

"बरा होईल, बाबा," ती म्हणाली. "नक्की बरा होईल."

सही नेहमीसारखी आलेली नाही. सही माझीच आहे.

साक्षीदार: १. शेजारच्या खाटेवरचे ट्रकचालक. २. दाढी करायला आलेले न्हावी. दोघांनी मला सही करताना पाहिले, आणि घाबरतानाही.

स्थळ: रुग्णालय, खिडकीजवळची खाट.
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीची दुपार.